बॉम्बे, पेरू आणि अहमदाबाद

माझा आवाज पहिल्यांदा आनंदीबाईंच्या रेडिओतून बाहेर पडला, तेव्हा त्या हात जोडून बसल्या होत्या.

रविवारची सकाळ. रेडिओवर भक्तिगीतं चालू होती. रेडिओपुढे उदबत्ती लावायची आणि डोळे मिटून बसायचं, हा आनंदीबाईंचा नेम. गाणारी बाई अगदी कळवळून देवाला हाक मारत होती. त्या हाकेला ओ दिल्यासारखा एक पुरुषी, किंचित सर्दी झालेला आवाज रेडिओतून म्हणाला, "हॅलो! बॉम्बे, पेरू! बॉम्बे, पेरू कॉलिंग! ओव्हर!"

आनंदीबाई डोळे उघडून गॅलरीत आल्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांना म्हणाल्या, "अहो, रेडिओवर पेरू विकायला लागले का हल्ली?"

मला या गोष्टीचा पत्ताच नव्हता. भिंतीच्या पलीकडे मी कानांवर हेडफोन चढवून, स्वतःच्या हातांनी जुळवलेल्या ट्रान्समीटरपुढे बसलो होतो. आपला आवाज सांगली, सोलापूर, जमलंच तर सिंगापूर इथपर्यंत पोचावा म्हणून घसा फोडत होतो. सांगलीत कोणी ऐकलं नाही. लालबागच्या आमच्या सुखकर्ता बिल्डिंगमधल्या यच्चयावत रेडिओंनी मात्र ऐकलं.

पेरूचा खुलासा केलेला बरा. हौशी रेडिओवाल्याला सरकार एक सांकेतिक नाव देतं. माझ्या नावाच्या शेवटी बी आणि पी अशी दोन अक्षरं होती. हवेतून जाताना बी, पी, डी, टी सगळी एकाच आईची लेकरं वाटतात, म्हणून बी फॉर बॉम्बे, पी फॉर पेरू, असं फोडून सांगायचा रिवाज आहे. हा पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश. पण त्या देशाशी लालबागला काय देणंघेणं? चाळीतली पोरं मला पेरूकाका म्हणू लागली. आनंदीबाईंनी तर एकदा जिन्यात थांबवून, अलाहाबादी आहेत की साधे, अशी चौकशी केली. मी बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीत सीनियर क्लार्क. ऑफिसात मला पाटणकरसाहेब म्हणणारा एक शिपाईसुद्धा होता. पण जिना चढलो की मी फळ.

पेरूपेक्षा बॉम्बेची भानगड मोठी निघाली. वरच्या मजल्यावर शामराव परब राहत. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमच्या गल्लीतले सर्वेसर्वा. देवानं त्यांना असा आवाज दिला होता की सभेत लाउडस्पीकर बंद पडला तर लोकांना ते कळतच नसे. द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दावणीला बांधलेले, आणि गल्लीच्या प्रत्येक भिंतीवर 'झालाच पाहिजे'. अशा दिवसांत शामरावांनी बातम्या लावल्या आणि बातम्यांच्या मधोमध मी "बॉम्बे, बॉम्बे" म्हणून ओरडलो. ते तडक खाली आले.

"हेरंबा, बॉम्बे कित्याक म्हणतंस? मुंबय म्हण!"

"शामराव, सरकारनं दिलेलं अक्षर बी आहे. बी फॉर मुंबई कसं म्हणू?"

"मगे अक्षर बदलून घी."

"त्याला दिल्लीची परवानगी लागते."

"बघलंस?" शामराव मागे जमलेल्या मंडळींकडे वळले. "आमच्या मुंबईचा अक्षर पण दिल्लीच्या ताब्यात!"

टाळ्या पडल्या. संचाच्या तापलेल्या व्हॉल्व्हवर मी फुंकर घालत बसलो. दिल्लीचा मला कमी का अनुभव होता? लायसन्ससाठी अर्ज केला तेव्हा संच बाळगण्याचा उद्देश विचारला होता. मी लिहिलं, हौस. अर्ज परत आला. हौस हा उद्देश होऊ शकत नाही, असं त्यावर कोणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा मी लिहिलं, शास्त्रीय संशोधन. तो मंजूर झाला. आता रोज संध्याकाळी शास्त्रीय संशोधन करायला बसलो की दुर्गा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आतून विचारायची, "संशोधकांनी भाजी आणलीय का?"

अशात एका संध्याकाळी जयवंत आला तो जिन्यापासूनच शीळ घालत. जयवंत कांबळे तार ऑफिसात होता, नायगावला बीडीडी चाळीत राहायचा, आणि आमच्या परळ हौशी रेडिओ क्लबचा अध्यक्ष होता. चिटणीस मी. सभासदही आम्हीच दोघं. तिसरा एक होता, पण तो शीवला राहायला गेल्यापासून फक्त वार्षिक सभेच्या चहाला उगवायचा. जयवंत म्हणजे राजबिंडा गडी. केसांना ब्रिलियंटाइन, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलताबोलता समोरच्या कपबशीवर बोटांनी तारेचं कडकट्ट करायची खोड. आमच्याकडे बऱ्याच बशा त्यापायी टवकल्या होत्या.

"जय भीम, वहिनी! जय भीम, चिटणीस!" खुर्चीत बसत तो म्हणाला. "आपण स्पर्धेत उतरतोय. अखिल भारतीय. सगळ्या हौशी क्लबांची, हवेतल्या हवेत."

स्पर्धा सोपी होती. एका रविवारी सकाळपासून संध्याकाळी पाचापर्यंत जास्तीत जास्त लोकांशी रेडिओवर बोलायचं. ज्याच्याशी बोललो त्याचं सांकेतिक नाव आणि त्यानं दिलेला आकडा अचूक टिपायचा. साध्या हौशी माणसाशी बोललं तर एक गुण. स्पर्धेतल्या दुसऱ्या क्लबाशी बोललं तर मात्र पाच, आणि ते दोन्ही बाजूंना.

"कोणकोण आहे?" मी विचारलं.

जयवंत क्लबांची नावं सांगायला लागला. कलकत्ता, मद्रास, बंगळूर, नागपूर, पुणे... मी दार लावायला उठायच्या आत त्यानं अहमदाबाद म्हटलं, आणि नेमके तेव्हाच शामराव दारावरून जात होते.

ते थांबले. दोन पावलं मागे आले.

"काय म्हणलंस? मुंबय आणि अहमदाबाद? सामनो?"

"तसं नाही, शामराव," मी घाईघाईनं म्हणालो. "बरेच क्लब आहेत. आणि रेडिओवर राजकारण बोलायला सक्त मनाई आहे. लायसन्स जातं."

"राजकारण कोण बोलता?" शामराव म्हणाले. "आमी फकस्त जिंकूचा म्हणतंव."

रात्रीच्या जेवणाआधी ती बातमी सगळ्या गल्लीत झाली. सुखकर्ता बिल्डिंगचा पाटणकर मुंबईसाठी अहमदाबादशी लढणार! कालपर्यंत भजनाचा सत्यानाश करणारा मी एकदम कामाचा माणूस ठरलो. बिल्डिंगखालच्या वाण्यानं मला न मागता चांगला गूळ दिला. मला वाईट वाटत होतं असं मी म्हणणार नाही.

एरियल उंच हवं होतं. गच्चीच्या एका टोकाला पाण्याची टाकी होती. दुसऱ्या टोकाला उंच काहीतरी उभं करून मध्ये तार ताणायची होती. समितीच्या व्यासपीठाचा लांबलचक बांबू शामरावांनी स्वतः खांद्यावरून आणून दिला. अट एकच: त्याच्या टोकाला जो भगवा बांधलेला आहे तो तिथेच राहील. झेंड्यानं लहरींना काही फरक पडत नाही, असं जयवंतनं अध्यक्षीय निर्णय म्हणून जाहीर केलं.

बांबू उभा करताना गच्चीवर जेवढी माणसं होती तेवढी गणपतीच्या वेळीही नसतात. हात लावायला दोघं आणि सल्ला द्यायला बाकीचे. एक म्हणे, तार पूर्व-पश्चिम हवी. सूर्याच्या वाटेनं आवाज जातो. दुसऱ्याचं म्हणणं, चिमणीच्या धुराकडे तोंड नको, आवाज काळवंडेल. गिरणीत वायरमन असलेल्या दत्तारामनं बांबूच्या बुडाशी लिंबू-मिरची बांधली. आनंदीबाईंनी एवढंच विचारलं, की तार नुसती रिकामी राहणार असेल तर तिच्यावर कुरडया वाळत घातल्या तर चालतील का. मी शास्त्रीय भाषेत नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग एवढी लांब कशाला बांधलीत?"

मी तार आणखी ताणून बांधली.

स्पर्धेच्या रविवारी मी पहाटेच आंघोळ करून, परीटघडीचा सदरा घालून संचापुढे बसलो. रेडिओवर सदरा दिसत नाही हे मला ठाऊक होतं, पण दुर्गानं औक्षण करायचं ठरवलं होतं. जयवंत लिहायला बसला. सुरुवात तर अशी झकास झाली की विचारू नका. पुणं मिळालं. बेळगाव मिळालं. हैदराबादचे एक नवाबी आवाजाचे गृहस्थ मिळाले, त्यांनी माझ्या सर्दीची विचारपूस केली. मद्रासचा क्लब तीनदा निसटला आणि चौथ्यांदा हाती लागला. जयवंत प्रत्येक नोंदीला "शाब्बास, चिटणीस!" म्हणून माझी पाठ थोपटत होता, आणि त्याचं ते थोपटणं दर वेळी हवेत जाऊन समोरच्याला दारावर कोणी धडका देतंय असं ऐकू येत होतं.

मग ब्रेबर्न स्टेडियमवर खेळ सुरू झाला.

ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. चाळीतल्या प्रत्येक रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागली. प्रत्येक रेडिओभोवती माणसांचं कोंडाळं. गोलंदाज धावत निघाला, त्यानं चेंडू टाकला, फलंदाजानं उंच मारला, सीमारेषेपाशी एक क्षेत्ररक्षक चेंडूखाली आला, आणि... "बॉम्बे पेरू! युवर सिग्नल इज व्हेरी गुड!"

झेल घेतला की सुटला हे सुखकर्ता बिल्डिंगला कळलंच नाही. सगळ्या मजल्यांवरून एकदम जो आवाज उठला, त्यापुढे गिरणीचा भोंगा म्हणजे कुजबुज.

"पेरूला बाहेर काढा!" कोणीतरी ओरडलं. गॅलरीत पावलं धावू लागली. दत्ताराम दारात येऊन म्हणाला, "पाटणकर, एवढी ओव्हर संपेपर्यंत तरी गप बसा!" मी म्हणालो, कलकत्त्याची माणसं माझ्यासाठी ओव्हर संपायची वाट बघणार नाहीत. तो म्हणाला, आमचीही बघणार नाहीत. दाराला आतून कडी लावावी की काय असा मी विचार करत होतो, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि हातात चामडी बॅग घेतलेले एक सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ आत आले.

"हेरंब पाटणकर आपणच? मी गुप्ते. वायरलेस खात्याकडून आलोय. आपला संच तपासायचाय."

गर्दी दोन पावलं मागे सरली. मग मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सीआयडी." दुसरा म्हणाला, "नावच गुप्ते. गुप्त पोलीस." आणि तिसऱ्यानं, तो कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, जोरात सांगितलं, "शामराव! पाटणकरांना पकडायला आले!"

वरून शामराव आले नाहीत, कोसळले. "कोणाक पकडता? आमच्या हेरंबाक? मुंबयचा नाव हवेत घेतला म्हणून?"

"अहो, पकडायला नाही," गुप्तेसाहेब चष्मा सारखा करत म्हणाले. "याच बिल्डिंगमधून आमच्याकडे तक्रार आली आहे. संचामुळे रेडिओ ऐकू येत नाहीत म्हणून."

"खोटा! आमच्या बिल्डिंगमधे असो माणूसच नाय!"

गुप्तेसाहेबांनी बॅगेतून एक कागद काढून शामरावांपुढे धरला. तक्रार आनंदीबाईंनी सांगितलेली, दत्तारामनं लिहिलेली, आणि खाली अख्ख्या बिल्डिंगच्या सह्या. सगळ्यात मोठी, उजवीकडे चढत गेलेली सही शामरावांची होती. भजनाच्या त्या पहिल्या रविवारी, ऐन संतापात हा अर्ज गेला होता, आणि मग मी मुंबईचा वीर झाल्यावर सगळे तो साफ विसरले होते. सरकारी कारभाराचं मात्र तसं नसतं. तो विसरत नाही; फक्त उशिरा पोचतो.

माझ्याकडे कोणीच बघेना. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. वाण्याची सहीसुद्धा होती.

आनंदीबाई पुढे आल्या. "मीच सांगितलं होतं लिहायला," त्या म्हणाल्या. "माझ्या विठोबाच्या मध्ये हे पेरू पेरू करत होते. राग आला होता. आता गेला. तुम्ही चहा घ्या."

"बाई, चहाचा प्रश्न नाही. लेखी तक्रार आहे. सह्या आहेत."

"सह्यो आमच्यो," शामराव म्हणाले, "पण माणूस पण आमचोच! आमी तेका शिवी देव, आमी तेच्याविरुद्ध अर्ज करू. तुमी कोण मधे पडणारे?"

गॅलरीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. तो देवीच्या तसबिरीचा होता, कारण त्यात दोन सुकलेली शेवंतीची फुलं होती. "पाटणकर आगे बढो" वगैरे सुरू झालं. मी हात जोडून उभा. आपण काहीच केलेलं नसताना हुतात्मा होण्याचा प्रसंग सीनियर क्लार्कवर रोज येत नाही.

गुप्तेसाहेब मात्र मुरलेले होते. ते शांतपणे माझ्या संचाची मागची बाजू बघत होते. "काम नीटनेटकं केलंय हो," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "ऐका. नियम असा, की या संचामुळे बिल्डिंगमधल्या एकाही चालू रेडिओला त्रास झाला, तर मला हा आत्ता सील करावा लागेल."

"चालू रेडिओला?" दुर्गा आतल्या खोलीतून म्हणाली.

"हो. चालू."

दुर्गा पदर खोचून गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रेडिओ बंद करा! पाच वाजेपर्यंत सगळ्यांनी रेडिओ बंद!"

 ब्रेबर्नवर आपली बाजू खेळत होती. आपण काय मागतोय याची दुर्गाला नीट कल्पना होती. तिचे स्वतःचे वडील कॉमेंट्रीसाठी चिंचपोकळीहून मुद्दाम आमच्याकडे आले होते. मग वरच्या मजल्यावर खट्ट आवाज झाला. तो शामरावांचा रेडिओ होता. त्यामागून खट्ट, खट्ट, खट्ट असं एकेक बिऱ्हाड गप्प होत गेलं. शेवटी सासरेबुवांनी आमचा रेडिओ बंद केला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

चाळीत इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

पण क्रिकेट गेलं म्हणजे क्रिकेटची माणसं गेली असं होत नाही. ती सगळी आमच्या दारात आली. खोलीत, गॅलरीत, जिन्यावर, कठड्यावर माणसंच माणसं. जयवंतनं अध्यक्ष या नात्यानं हेडफोन काढून स्पीकर जोडला. दत्ताराम दाराच्या चौकटीत उभा राहून मागच्यांना धावतं समालोचन करू लागला. "पाटणकरनी बटन दाबलंय... आवाज देतायत... समोरून काहीतरी आलं... नाही, खरखर... पुन्हा देतायत... मिळाला! बंगळूर मिळाला! पाच!" जिन्यावरून आरोळी उठायची. मी नागपूरचं नाव चुकून दोनदा विचारलं, तर कोणीतरी ओरडलं, "अरे, डोळे उघडून खेळ!"

गुप्तेसाहेबांना निघायचं होतं, पण दारापर्यंत वाट नव्हती. आनंदीबाईंनी त्यांना चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा दिला. खुर्ची माझ्या शेजारीच होती. सुरुवातीला ते घड्याळ बघत होते. थोड्या वेळानं माझ्या कानाशी म्हणाले, "काटा जरा वर सरकवा. तिथे कोणीतरी बारीक आवाजात बोलावतंय." सरकवला. जमशेदपूर मिळालं. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

दुपार उतरली आणि हवेत तो आवाज आला. स्वच्छ, जाडसर, हसरा. अहमदाबाद!

"बॉम्बे पेरू, बॉम्बे पेरू! हसमुखभाई बोलता हूँ. कैसा है, भाई?"

मी बटणाकडे हात नेला आणि शामरावांनी तो धरला.

"तेका पॉइंट दिवचे नाय."

"शामराव, पाच गुण आपल्यालाही मिळतात!"

"आणि तेका?"

"त्यालाही."

"मगे नको."

गॅलरीत दोन तट पडले. एक म्हणे, अहमदाबादला काडीचाही गुण द्यायचा नाही. दुसरा म्हणे, पाच मिळतायत तर सोडायचे कशाला? कोणीतरी सुचवलं, आपण त्याचं ऐकून घ्यावं आणि आपलं सांगूच नये. जयवंत चिडून बशीवर बोटं आपटत होता. "अरे, बोलल्याशिवाय गुण नाहीत! त्यांनाही नाहीत, आपल्यालाही नाहीत! इतकं साधं गणित आहे!"

हसमुखभाई तिकडे हाका मारतच होते. त्यांच्या आवाजामागेही कसलातरी गलका ऐकू येत होता. मग ते वैतागून म्हणाले, "बॉम्बे पेरू, माफ करना, यहाँ बहुत गडबड है. पूरा मोहल्ला घर में घुसा है. सब का रेडियो बंद पड़ा है मेरे कारण. सब लोग बोलते हैं, हम को अलग करो, अलग करो!"

स्पीकर मोठा होता. ते अलग करो जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलं.

शामरावांचा माझ्या हातावरचा हात सैल झाला. "काय म्हणता तो? तेंका पण येगळा होवक होया?"

"शामराव, तो रेडिओच्या आवाजाबद्दल..."

"तेंका पण ह्या द्वैभाषिक नको!" शामरावांनी गॅलरीला जाहीर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या कुठल्याही सभेत बघितलं नव्हतं; हरवलेला भाऊ जत्रेत भेटावा तसं काहीतरी. "अरे, तो आपलोच! हेरंबा, दी तेका पाच! धा दी!"

मी भीतभीत गुप्तेसाहेबांकडे बघितलं. हे राजकारण धरायचं की नाही हे त्यांच्यावर होतं. त्यांनी पोह्यांचा चमचा बशीत ठेवला, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "रेडिओच्या गोंगाटाबद्दल आहे ते. तांत्रिक स्वरूपाचं. द्या उत्तर."

आम्ही पाच घेतले, पाच दिले. हसमुखभाई खूश झाले. "सुनो," ते म्हणाले, "थोडा नीचे जाओ. कोलंबो का एक आदमी है, मैंने अभी लिया. किसी को मिला नहीं. जल्दी!"

"सिलोन!" दत्ताराम चौकटीतून किंचाळला. "सिलोन मिळतंय!"

सिलोन म्हटल्यावर चाळीनं जे ऐकायचं तेच, म्हणजे गाण्यांचं रेडिओ सिलोन, ऐकलं. "गाणं लावायला सांगा! माझ्या भावजयीचं नाव सांगा! लालबागहून मंडळींची फर्माईश!" त्या कल्लोळात मी काटा खाली सरकवला आणि कोलंबोच्या त्या बिचाऱ्या गृहस्थाला कसाबसा पकडला. तो म्हणाला, तुमच्या मागे दंगल चाललीय का? मी म्हणालो, नाही, शेजारी आहेत. त्याचा आकडा जयवंतनं टिपला तेव्हा गिरगावापासून परळपर्यंतच्या घड्याळांत पाचाचे ठोके पडायला सुरुवात झाली असावी. आम्ही ऐकले नाहीत. शामराव मला उचलून नाचत होते.

निकाल पोस्टानं आला तो बऱ्याच दिवसांनी. जयवंत तो घेऊन आला, पण या खेपेला शीळ नव्हती. बक्षीस कलकत्त्यानं नेलं होतं. आम्ही शेवटून दुसरे होतो. आमच्याखाली एकटं अहमदाबाद, एका गुणानं मागे. तो गुण कोलंबोचा.

"आता चाळीला काय सांगायचं?" मी म्हणालो.

"जे आहे ते," जयवंत म्हणाला. पण तो कागद तोवर दत्तारामच्या हातात गेला होता आणि त्यानं फक्त खालच्या दोन ओळी वाचल्या.

संध्याकाळी लालबागच्या रस्त्यावर मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मागे ताशा, मध्ये हातगाडी. हातगाडीवर जयवंत आणि मी. जयवंत दोन्ही बाजूंना हात हलवत होता, जणू जन्मभर हेच करत आलाय. कोपऱ्यावर गुप्तेसाहेब भेटले. सहकुटुंब आले होते. योगायोगानं, असं म्हणाले, पण मुलांच्या हातात झेंडे होते. आनंदीबाईंनी गॅलरीतून आमच्यावर चुरमुरे उधळले. आजूबाजूच्या चाळींतले लोक विचारत होते, काय झालं? आणि शामराव त्या आवाजात सांगत होते, "अहमदाबादाक हरवला! आणि तेनाच मदत केल्यानी! देवमाणूस!" या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ कसा बसतो असं कोणीही विचारलं नाही.

मला मात्र हसमुखभाईंचं वाईट वाटत होतं. मिरवणूक परत आल्यावर हार काढला, संच चालू केला, आणि त्यांना हाक मारली. ते लगेच मिळाले. मी मनापासून म्हणालो, की तो गुण खरा त्यांचा होता.

"अरे, छोड़ो!" हसमुखभाई म्हणाले. त्यांना माझं नीट ऐकू येत नव्हतं. त्यांच्याकडे ढोल वाजत होते. "यहाँ तो जुलूस निकला है! हम गुजरात में पहला आया!"

गुजरातमधून त्यांचा एकच क्लब होता, हे खरं. आणि गुजरात नावाचं राज्य तेव्हा कुठल्याही नकाशावर नव्हतं, हेही खरं. पण त्यात ते पहिले आले होते.

शामराव माझ्या मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी क्षणभर हिशेब केला आणि एकदम माझ्या पाठीत थाप मारली. "मगे आमी महाराष्ट्रात पयले!"

नागपूर चौथं होतं. पुणं सहावं. जयवंतनं माझ्याकडे बघितलं. मी जयवंतकडे बघितलं. शामराव तोवर गॅलरीत पोचले होते, आणि खाली ताशेवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली होती.